आरालारच्या डोंगरावरचा मीनाकारीचा आल्तारपट : चोरी, परतणी आणि एक वाद

रानवाटा

स्पेनच्या उत्तरेला नावारा नावाचा प्रांत आहे. दर जुलैत टीव्हीवर जी बैलांपुढे धावणारी माणसं दिसतात, त्यांचं पाम्प्लोना हे ह्या प्रांताचं मुख्य शहर. मी सध्या पोटापाण्यासाठी इथेच आहे. शहराच्या वायव्येला आरालार ही चुनखडीची डोंगररांग. तिच्या एका टोकाला, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरांहून थोडं वर, आद्यदेवदूत मायकलचं ठाणं आहे. इथे त्याला सान मिगेल म्हणतात. वर वस्ती नाही. खाली बीच नावाच्या झाडांचं दाट रान, वर गवताळ पठार, उन्हाळ्यात मेंढरं, आणि त्या मेंढरांच्या वाटांवर हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी. हिवाळ्यात सगळं धुक्यात आणि बर्फात.

चर्च बाहेरून अगदी साधं, जाड दगडी भिंतींचं. ह्या जागी नवव्या शतकापासून देवस्थान असल्याच्या खुणा आहेत. आज दिसतं ते बांधकाम मुख्यतः अकराव्या-बाराव्या शतकातलं, रोमानेस्क, म्हणजे गोल कमानींच्या, घडणीचं. आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. आधी दिसतं ते चर्चच्या पोटातलं आणखी एक छोटं देऊळ. त्यापलीकडे मुख्य गाभाऱ्याच्या अर्धगोलात तो आल्तारपट, म्हणजे आल्तारला, चर्चमधल्या विधीच्या मेजाला, लावायचा सजवलेला पट.

साधारण दोन मीटर रुंद, मीटरभराहून थोडा उंच. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं आणि त्यात निळ्या, हिरव्या, फिरोजी काचेची मीनाकारी. मध्ये सिंहासनावर बसलेली मारिया, मांडीवर बाळ येशू, भोवती बदामाच्या आकाराची प्रभावळ, आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार शुभवर्तमानकारांची चिन्हं: माणूस, सिंह, बैल, गरुड. दोन्ही बाजूंना कमानींच्या दोन ओळी, कमानींखाली येशूचे शिष्य, आणि भेटी घेऊन आलेले तीन पूर्वेचे राजे. अंगं मीनाकारीत सपाट, डोकी मात्र उठावाची, पत्र्यातून बाहेर आलेली. त्यामुळे वरून प्रकाश पडला की चेहरे तेवढे आपल्याकडे वळल्यासारखे वाटतात. काम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे नावाराचा राजा सहावा सांचो, ‘शहाणा सांचो’, गादीवर होता तेव्हाचं. तो मुळात इथल्यासाठीच घडवला की पाम्प्लोनाच्या मुख्य चर्चसाठी, ह्यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. एवढा खर्चिक ऐवज डोंगरावरच्या मठीसाठी कोण करून घेईल, असं एका पक्षाचं म्हणणं. मला ते पटत नाही. मोठं दान डोंगरावरच्याच देवाला दिलं जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता खरी गोष्ट. २६ ऑक्टोबर १९७९च्या रात्री हा आल्तारपट चोरीला गेला. टोळीचा म्होरक्या रने आल्फोन्स व्हान देन बेर्घे, ज्याला अख्खा स्पेन ‘एरिक एल बेल्गा’, म्हणजे बेल्जियमवाला एरिक, म्हणून ओळखतो. पट सुटा करून तुकडे परदेशात गेले. पुढची काही वर्षं ते एकेक करत सापडत राहिले. जवळजवळ सगळं जमल्यावर दुरुस्ती झाली आणि १९९१मध्ये पट पुन्हा डोंगरावर चढला.

माझा प्रश्न हा: एकदा असं झाल्यावर तो परत वर ठेवणं शहाणपणाचं होतं का? माझं मत, होतं. पण इथे दुसऱ्या बाजूचे लोक आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धागा काढला.

---

कट्टेकर

वाचतोय. फोटो टाका की राव! आणि ते देवळाच्या पोटातलं देऊळ म्हणजे काय प्रकरण आहे?

---

रानवाटा

@कट्टेकर, आत फोटोला उजेड पुरत नाही, पण बघतो.

ते छोटं देऊळ म्हणजे मूळ जागा. तिची आख्यायिका अशी: आठव्या शतकाच्या सुरुवातीला गोन्यी खोऱ्यात तेओदोसियो नावाचा सरदार होता. लढाईवरून घरी परतताना सैतान संन्याशाच्या वेशात वाटेत भेटला आणि म्हणाला, तुझी बायको तुझ्या माघारी दुसऱ्याबरोबर निजते. हा तिरिमिरीत घरी पोचला, अंधारात पलंगावर दोघं दिसले, दोघांनाही कापून काढलं. बाहेर येतो तर बायको प्रार्थना आटपून समोरून येतेय. तिने सासू-सासऱ्यांना आपली खोली दिली होती. मारले गेले ते त्याचेच आईबाप.

मग रोमची वारी, पोपपुढे पापाची कबुली, आणि शिक्षा: अंगावर लोखंडी साखळदंड घालून रानात भटकायचं, ते झिजून आपोआप तुटतील तेव्हा समजायचं की देवाने माफ केलं. वर्षानुवर्षं तो आरालारवर भटकला. शेवटी गुहेतून राक्षसी सर्प बाहेर आला, ह्याने सान मिगेलचा धावा केला, देवदूताने सर्प मारला आणि त्याच क्षणी साखळ्या गळून पडल्या. त्याच जागी त्याने ठाणं बांधलं. त्याच म्हणून सांगितल्या जाणाऱ्या साखळ्या आजही भिंतीवर टांगलेल्या आहेत. लोक त्या अंगाभोवती घेतात. छोट्या देवळात एक भोक आहे, त्यात डोकं घालून प्रार्थना म्हणतात. डोकेदुखी जाते अशी श्रद्धा. मीही घातलं. थंडगार हवा आली एवढं नक्की.

---

निळूकाका

छान लिहिलंय. ही आपल्याकडच्या स्थळमाहात्म्यांच्या जातकुळीची कथा आहे. आधी जागा, मग तिचा महिमा, मग महिम्याला पुरेल एवढं भयंकर पाप. चुकून आईबापांना मारणारा हा गडी एकटा नाही बरं का. संत ज्युलियन म्हणून एक आहे, त्याचीही गोष्ट थेट हीच: स्वतःचाच पलंग, अंधार, आईबाप, मग आयुष्यभर प्रायश्चित्त. मध्ययुगात युरोपभर फिरत होती ही कथा. नावारावाल्यांनी तिला आपला डोंगर, आपला सरदार आणि आपला सर्प दिला. इथल्या बास्क लोकांच्या कथांत सात तोंडांचा ‘एरेनसुगे’ नावाचा सर्प आधीपासून होताच, तो इथे सान मिगेलच्या पायाखाली आला.

मला ह्यातली बायको आवडली. तिला गोष्टीत काही काम नाही, पण सासू-सासऱ्यांना स्वतःची खोली देते!

---

वसईची_लेक

रानवाटा, एक विचारायचं होतं. हा पट आल्तारच्या पुढे होता की मागे? तुम्ही गाभाऱ्याच्या अर्धगोलात म्हणालात, म्हणजे आज तो मागे उभा आहे.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. आल्तार म्हणजे मुळात मेज, ज्यावर मिस्साचा विधी होतो. जुन्या काळी त्या मेजाची पुढची बाजू झाकायला सजवलेली फळी, कापड किंवा धातूचा पत्रा लावत. लोकांना समोर तेच दिसायचं. पुढे मेजाच्या मागे उंच नक्षीदार पाठ उभी करायची पद्धत वाढली. आमच्या वसईतल्या जुन्या चर्चांत आणि गोव्यात जे सोनेरी लाकडी मनोरे दिसतात, ते हे दुसरं. पहिलं कमरेखालच्या उंचीचं, दुसरं छताला भिडणारं. तुमचा पट मीटरभर उंचीचा, म्हणजे आकाराने पहिल्या जातीचा वाटतो.

---

रानवाटा

@वसईची_लेक, ताई, नेमकं धरलंत. बरेच जाणकार त्याला मूळचं पुढचंच आवरण मानतात. अठराव्या शतकात त्याची डागडुजी करून पाठीच्या रूपात फेरमांडणी झाली. म्हणून वरची गोल पदकं, कडेच्या पट्ट्या, कमानींचे तुकडे ह्यांचा आजचा क्रम सगळा बाराव्या शतकाचा समजायचं कारण नाही. तुकडे जुने, मांडणीत नंतरचा हात.

---

तांबट

घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचं काम, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

हे पातळ तारा बसवून केलेलं मीनाकाम नाही. इथे तांब्याचा जाड पत्रा घेऊन रंग जिथे हवा तिथे छिन्नीने खोदून खड्डे करतात. खड्ड्यांमधल्या कडा तशाच ठेवतात, त्याच नंतर रेषा म्हणून दिसतात. खड्ड्यात काचेची ओली भुकटी भरायची. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्या-फिरोजीसाठी तांब्याचीच भस्मं. वाळवून भट्टीत साधारण आठशे अंश. काच वितळते, बसते, खाली जाते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी. मग दगडाने घासून सपाट. शेवटी उघड्या तांब्यावर सोनं: पाऱ्यात सोनं कालवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. पारा साडेतीनशे अंशांच्या थोडं वर उडतो, काच तेवढ्यात हलत नाही, म्हणून हा क्रम जमतो. पाऱ्याच्या वाफेने कारागिराच्या फुप्फुसांचं आणि मेंदूचं काय होत असेल ते सांगायला नको. जयपूरचं मीनाकाम तत्त्वाने हेच, फक्त तिथे सोन्यात खोदतात.

फ्रान्समधलं लिमोझ गाव ह्या कामासाठी त्या काळी नावाजलेलं होतं. पण स्पेनमध्येही भट्ट्या होत्या. बुर्गोसच्या संग्रहालयात सिलोसच्या मठातला असाच एक मोठा पट आहे, त्याच काळातला. मला जालावरच्या छायाचित्रांत आरालारच्या सोनेरी पृष्ठभागावर कोरलेली बारीक वळवळती वेलबुट्टी दिसली. ती बघून हेवा वाटला. रिकामी जागा सोडायचीच नाही, असा हट्ट आहे त्यात.

---

कट्टेकर

तांबटदादा, एक नंबर प्रतिसाद! वेगळा धागा काढा ह्यावर.

---

शंकासुर

सगळं छान, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही म्हणून मी देतो. नव्हतं शहाणपणाचं. आसपास वस्ती नाही, हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली. युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या वस्तूंपैकी एक तुम्ही तिथे ठेवता, एकदा चोरी झाल्यावर पुन्हा तिथेच ठेवता, आणि ह्याला श्रद्धा म्हणता? पाम्प्लोनात संग्रहालय आहे. तिथे तापमान, दमटपणा सांभाळता येतो, चोवीस तास पहारा असतो. डोंगरावर प्रतिकृती ठेवा, भाविकांना काय फरक पडणार आहे?

आणि तो एरिक. तुम्ही त्याची ओळख जरा जास्तच कौतुकाने करून दिलीत असं वाटलं.

---

रानवाटा

@शंकासुर, कौतुक अजिबात नाही. उलट इथे त्याच्याभोवती जे वलय आहे त्याचा मला राग येतो. १९८२मध्ये बार्सिलोनात पकडला गेला, काही वर्षं तुरुंगात काढली, आपल्याच वकीलबाईंशी लग्न केलं, मालागाला चित्रं काढत राहिला, मुलाखती देत राहिला, आणि २०२०मध्ये म्हातारा होऊन गेला. आपण कलेवरच्या प्रेमापोटी हे केलं, गावोगावी कुजत पडलेल्या वस्तू वाचवल्या, असा त्याचा सूर असायचा. बाराव्या शतकातला पट सुटा करून तुकड्या-तुकड्याने विकणाऱ्याने प्रेमाच्या गोष्टी सांगाव्यात?

पण त्याला बाजार कसा मिळाला, हेही बघा. साठ-सत्तरच्या दशकांत स्पेनची खेडी रिकामी होत होती. शेकडो चर्चांना कुलूप, किल्ली शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे. त्यातच कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साची पद्धत बदलली. पाद्री लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, नवं मेज पुढे आलं, मागची जुनी सजावट अडगळ वाटू लागली. कितीतरी मूर्ती, चौकटी, बाकं तर चोरीविनाच, चार पैशांत भंगारवाल्यांकडे आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे गेली. चोर त्याच वाटेने आत आला.

---

वसईची_लेक

हे अगदी खरं आहे. परिषद १९६२ ते ६५. बदल चांगल्या हेतूने झाले, मिस्सा लॅटिनऐवजी आपल्या मराठीत आली, ह्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण त्या धांदलीत काय काय फेकलं गेलं हे आमच्याकडचे जुने लोकही सांगतात. मी लहानपणी एका घरी गोठ्याच्या दाराला सोनेरी पानाफुलांची कोरीव फळी ठोकलेली पाहिली आहे.

---

खाडीकाठ

हे वाचताना दिवेआगर आठवल्याशिवाय कसं राहील? सुवर्णगणेश २०१२ साली चोरला, त्यात देवळाच्या दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. चोर पकडले, पण तोवर मुखवटा वितळवलेला होता. परत मिळाली ती लगड. त्यातून नवा मुखवटा घडवून २०२१मध्ये बसवला. गावाला देव परत मिळाला हे खरंच, पण कारागिराचं मूळ काम गेलं ते गेलंच.

म्हणजे आरालारचा पट वाचला ह्याचं एक कारण तो तांब्याचा होता हे. वितळवून दमडी आली नसती. किंमत फक्त तो ‘तो’ असण्यात. सोन्याचा असता तर धागा इथेच संपला असता.

---

तांबट

+१. मध्ययुगातल्या सोन्याचांदीच्या चर्चच्या वस्तू मोठ्या प्रमाणात राजांनी आणि फौजांनीच वितळवल्या. लढाईला पैसा लागला की पहिली धाड तिथे. तांबं मागे राहतं.

---

मांडवीपार

गोव्याहून नमस्कार. नावारा म्हटल्यावर मला राहवेना. आमचा गोंयचो सायब, फ्रान्सिस झेवियर, तिथलाच ना! पाम्प्लोनाच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे, झेवियरचा वाडा आहे. तिथे तो १५०६मध्ये जन्मला. आणि आरालारच्या पश्चिमेला उतरलं की गिपुस्कोआ, तिथे लोयोला, म्हणजे झेवियर ज्या जेझुइट संघाचा होता त्याचा संस्थापक संत इग्नासियो ह्याचं घर. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या मुख्य आल्तारवर सोनेरी पाठीच्या मधोमध जो भव्य पुतळा आहे तो इग्नासियोचा, त्याच्या पायाशी छोटा बाळ येशू, आणि उजव्या हाताला सायबाची कबर. एका डोंगराच्या दोन बाजूंचे दोघे आमच्याकडे एका छपराखाली आले.

अवांतर: १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यात इग्नासियोचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला, तेव्हा समोरच्या बाजूने लढणाऱ्यांत झेवियरचे थोरले भाऊ होते. पुढे आठ वर्षांनी पॅरिसला दोघे एकाच खोलीत राहिले. कसं जमवून घेतलं असेल!

आणखी अवांतर: आमच्या गोव्यातले हे आल्तार कोरणारे हात पुष्कळदा हिंदू कारागिरांचे. सोळाव्या शतकात धर्मसभांनी त्यांच्याकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घ्यायला बंदी घातली, आणि वस्तू बघितल्या की कळतं, बंदी कुणी फारशी मनावर घेतली नाही. वसईची_लेक म्हणाल्या ती पानंफुलं नीट बघा, केळफूल आणि मोर सापडतील.

---

निळूकाका

वा! शंकासुरांचा प्रश्न मात्र वाहून जाऊ देऊ नका. मी त्यांच्या बाजूने एक पुरावा देतो आणि विरुद्ध बाजूनेही देतो.

बाजूने: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनियाच्या डोंगरातल्या चर्चांची भित्तिचित्रं परदेशी व्यापारी भिंतीवरून सोलून नेऊ लागले. मूर गावच्या चर्चचं चित्र अमेरिकेत बोस्टनला पोचलं, आजही तिथेच आहे. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालयवाल्यांनी १९१९ ते १९२३ ह्या काळात उरलेली स्वतःच काढून आणली. ताऊल गावचा तो मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्त त्यांतलाच. आणला नसता तर तोही गेला असता.

विरुद्ध: सोरिया भागात सान बाउदेलियो नावाची एक मठी आहे. मधोमध एकच खांब, त्यातून ताडाच्या झावळ्यांसारख्या कमानी फुटलेल्या. तिची चित्रं गावकऱ्यांनी विकली, १९२०च्या दशकात ती उतरवून अमेरिकेत गेली. आज काही न्यूयॉर्कला, काही बोस्टनला, इंडियानापोलिसला, सिनसिनाटीला. काही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात परत आली, तीही एका अख्ख्या रोमानेस्क चर्चच्या गाभाऱ्याच्या बदल्यात. मठीत उरलेत ते चित्रांचे पुसट ठसे. सगळी चित्रं उत्तम संग्रहालयांत सुखरूप आहेत. कुणाला समाधान असेल तर असो.

---

शंकासुर

निळूकाका, तुमचा दुसरा पुरावा विक्रीबद्दल आहे. मी पन्नास किलोमीटरच्या आतल्या संग्रहालयाबद्दल बोलतोय. ताऊलला आता रिकाम्या भिंतीवर प्रकाशझोताने मूळ चित्र उमटवतात, लोक गर्दी करतात. म्हणजे सोय होऊ शकते.

---

वसईची_लेक

शंकासुर, प्रकाशझोतापुढे मेणबत्ती लावणार का तुम्ही? चेष्टा नाही करत. जी वस्तू विधीसाठी घडवली ती विधीच्या जागी असली की तिची देखरेख करायला माणसं आपोआप राहतात. कुलूप घालून गाव निघून गेलं तिथे चोऱ्या झाल्या हे रानवाटांनीच सांगितलं. आरालारला लोक जात राहिले, म्हणून तुकडे परत मिळेपर्यंत कुणी विसरलं नाही. संग्रहालयातून वस्तू गेली तर विमा कंपनीला कळतं, देवळातून गेली तर घरोघरी कळतं.

---

शंकासुर

आरालारलाही लोक जात होते ना १९७९मध्ये? तरी गेलाच की. ताई, तुमचं म्हणणं मनाला भिडतं, पण चोराला ते भिडलं नाही. मी मत बदलत नाही.

---

रानवाटा

दोघांचंही वाचलं. माझ्यापुरता निर्णय एका गोष्टीमुळे होतो. आरालारचा देव एका जागी बसत नाही. पटाखेरीज तिथे सान मिगेलची एक लहान चांदीने मढवलेली मूर्ती आहे, डोक्यावर दोन्ही हातांनी क्रूस धरलेली. तिला सगळे ‘देवदूत’च म्हणतात. ईस्टरनंतर ती डोंगरावरून उतरते आणि नावाराच्या गावागावांत फिरते. शेतं, गुरं, घरं आशीर्वाद घेतात. पाम्प्लोनात आली की इस्पितळांतही नेतात, कचेऱ्यांत कामं थांबतात, माणसं रांगेने येऊन ओठ टेकवतात. माझ्या कामाच्या ठिकाणचे एरवी चर्चकडे न फिरकणारेही त्या दिवशी हळूच जाऊन आले.

तर ह्या लोकांना देव गावात आणणं माहीत नाही असं नाही. दरवर्षी आणतात, आणि दरवर्षी परत वर नेऊन ठेवतात. पट खाली ठेवायचा झाला असता तर १९९१मध्ये ठेवता आला असता. आयता खालीच होता. त्यांनी ठरवून वर नेला. तो निर्णय त्यांचा होता आणि पहारा वाढवण्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली.

---

कट्टेकर

जायचं कसं ते सांगा आता. पुढच्या वर्षी मुलीकडे बिल्बाओला जाणार आहे.

---

रानवाटा

@कट्टेकर, बिल्बाओहून गाडीने सोपं आहे. लेकुनबेरीहून बीचच्या रानातून चांगला डांबरी रस्ता थेट वर जातो. पाय चालत असतील तर दक्षिणेकडून उहार्ते-आराकिल गावातून चढा, साडेसातशे मीटरची खडी चढण आहे, पण समोर बेरियाइनचा कडा सतत दिसत राहतो. वर खानावळ आहे. मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज मागा, इथलंच असतं. वाऱ्याला कानटोपी हवीच, जूनमध्येसुद्धा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर देवदूत बहुधा दौऱ्यावर असेल, पट असतो.

---

मांडवीपार

आणि कट्टेकर, तेवढ्यात सायबाच्या वाड्यालाही जाऊन या. मार्चमध्ये असाल तर पाम्प्लोनाहून लोक चालत जातात तिकडे, जथ्यांनी.

---

कट्टेकर

मार्चमध्ये थंडी झेपणार नाही हो. बायको आत्ताच म्हणतेय, सप्टेंबर बघा, २९ला सान मिगेलचा सण असतो ना?

---

रानवाटा

हो, २९लाच. पण गर्दी असते त्या दिवशी. पट निवांत बघायचा असेल तर आठवडाभर आधी या, आणि ऊन असलेला दिवस निवडा.